सुंदरबनची बुटकी मेंढी फलटणला येते

मेंढी म्हटले की कोरडे माळरान डोळ्यांसमोर येते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातली मेंढी मात्र गुडघाभर पाण्यात उतरून चरते. तिचे नाव गॅरोल. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम दहा-पंधरा किलोंची, आपल्या दख्खनी मेंढीच्या निम्म्याने. तिथले छोटे शेतकरी अशा चार-सहा मेंढ्या घरापाशी बाळगतात. कापणीनंतर त्या भातखाचरांत चरतात, एरवी बांधावर नाहीतर चिखलात. लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही. तरीही त्या पाळल्या जातात, कारण एका वेताला दोन, कधी तीन कोकरे होतात.

हा गुण आधी समुद्रापार गेला आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. न्यू साउथ वेल्सच्या नव्या ब्रिटिश वसाहतीत अन्नाची चणचण होती. म्हणून १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून मेंढ्या जहाजाने सिडनीला नेल्या गेल्या. पुढे मेरिनो ही लोकरीची मेंढी आली, लोकरीचा धंदा फोफावला आणि बंगाली मेंढ्यांचे रक्त तिथल्या कळपांत मिसळून गेले.

विसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधल्याच कूमाजवळच्या ‘बुरूला’ या शेतावर सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून राखत होते. १९५८ मध्ये त्यांनी एका वेतातल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. हेलन न्यूटन टर्नर यांनी जुनी दफ्तरे चाळून या मेंढ्यांचे मूळ बंगालकडे असावे, असा माग काढला. २००१ मध्ये जास्त कोकरांमागचा नेमका जनुकीय बदल सापडला आणि २००२ मध्ये तोच गॅरोलमध्येही असल्याचे जाहीर झाले.

फलटणमध्ये मात्र त्याआधीच काम सुरू झाले होते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात गॅरोल आणून दख्खनीशी संकर सुरू केला. चराऊ राने आक्रसत होती. कळप वाढवण्याची सोय नसलेल्या मेंढपाळाची मिळकत वाढायची, तर आहे त्या मेंढीनेच जास्त कोकरे द्यायला हवी होती. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते.

अडचण होती ती अंगलटीची. गॅरोलचा संकर म्हटला की कोकरू बारके, आणि बाजारात बारक्या कोकराला कोण विचारतो? म्हणून संकरित पिढ्या पुन्हापुन्हा मोठ्या जातींशी जुळवल्या गेल्या. आकार दख्खनीचा आणि गॅरोलकडून फक्त ते एक जनुक, असा हिशेब होता. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांची साथ मिळाली आणि कोणत्या कोकरात ते जनुक आहे हे ओळखणाऱ्या रक्ततपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही संकरित मेंढी उभी राहिली. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीकडे एक प्रत जाते. एका प्रतीने शंभर वेतांमागे साधारण पन्नास कोकरे वाढतात.

धनगराच्या वाड्यात हे गणित दुधावर येऊन ठेपते. जुळ्यांची आई अर्धपोटी राहिली तर दोन्ही कोकरे खुरटतात. तिला गाभणपणाच्या अखेरीस आणि व्याल्यावर वरचा खुराक लागतो. भटकंतीत असा खुराक पुरवणे आणि नवी कोकरे सांभाळणे जड जाते. घरापाशी थोड्या मेंढ्या राखणाऱ्याला ते तुलनेने सोपे पडते.