बलुत्याबाहेरचे लाकूडकाम

‘सुतासारखा सरळ’ हा शब्दप्रयोग करताना त्यातले सूत कुणाचे, हे सहसा आपल्या मनात येत नाही. ओंडक्यावर रेघ उमटवण्यासाठी रंगात भिजवून ताणलेली ती सुताराची दोरी. ‘सुतार’ हा शब्दच मुळी संस्कृत ‘सूत्रधारा’पासून आलेला. रंगभूमीवरचा सूत्रधार आणि गावातला सुतार हे एकाच शब्दाचे दोन वारस आहेत. पहिल्याला वाङ्मयेतिहासात प्रकरणेच्या प्रकरणे मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला बलुतेदारांच्या यादीतले एक नाव आले.

सोलापूर–विजापूर रस्त्यावरचे मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले मोठे गाव. हा मुलूख मराठी आणि कानडी अशा दोन भाषांचा. इकडचा सुतार तो तिकडचा बडिगेर; इकडचा लोहार तो तिकडचा कंबार. याच तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० (इ.स. १०१८) मधला मराठी शिलालेख आहे. दगडाने हजार वर्षे आपली अक्षरे सांभाळली. लाकडाला मात्र वाळवी लागते, ते जळते, मोडून चुलीत जाते. सुताराचा इतिहास लिहिताना ही पहिली अडचण ध्यानात घ्यावी लागते: त्याची कागदपत्रे थोडी आणि त्याचे काम नाशवंत.

अशा गावांतून एक तक्रार नेहमी कानी येते. ‘पूर्वी गावाला हक्काचा सुतार असे, आता दाराची चौकट बसवायची तरी मिस्त्री शोधा, भाव ठरवा, उचल द्या आणि वाट पाहत बसा.’ या तक्रारीत एक गृहीत दडलेले आहे. घरातले लाकूडकाम पूर्वी बलुत्यात होत असे, हे ते गृहीत. ते तपासून पाहिले पाहिजे.

बलुतेपद्धतीत सुताराचे स्थान वरचे होते. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा मानल्या जात. सुतार थोरल्या कासेत, म्हणून खळ्यावर त्याचा वाटाही मोठा. कारण उघड आहे. नांगर, कुळव, पाभर, जू, मोटेचा रहाट, गाडीचे चाक यांतले काहीही पेरणीच्या तोंडावर मोडले, तर हंगाम हातचा जाई. या अवजारांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीला धान्य घ्यायचे, असा हा व्यवहार होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना या व्यवहाराची बारीक वीण लक्षात येते आणि तिच्यातली कुरकुरही ऐकू येते. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पुढे मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की बलुतेदार हा कोणा एका घराचा चाकर नव्हता. तो साऱ्या गावाचा सेवक होता. त्याचे काम हे त्याचे वतन होते. ते वारसाने येई, त्याची वाटणी होई, ते विकलेही जाई.

मात्र या वतनाला मर्यादा होती. बलुत्यात येई ती मुख्यतः शेतीच्या अवजारांची दुरुस्ती. नवी गाडी आणि नव्या घराचे खांब, तुळया, दारे, चौकटी यांचा मोबदला सामान्यतः निराळा ठरे. लाकूड धन्याचे, मजुरी वेगळी. म्हणजे गावचा सुतार एकाच वेळी दोन नात्यांनी बांधलेला होता. शेताशी त्याचे नाते हक्काचे, तर घराशी कराराचे. घरकामासाठी भाव ठरवून सुतार लावणे ही आजची टूम नव्हे. जुन्या व्यवस्थेचाच तो दुर्लक्षित राहिलेला अर्धा भाग आहे.

सोलापूरकडे हा अर्धा भाग लहान नव्हता. इथले जुने घर माळवदाचे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फांद्या-पाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर. घराची मोजणीही खणांत, म्हणजे खांबांमधल्या अंतरांत. भिंती गवंड्याच्या, पण घराचा सांगाडा सुताराचा.

हे दोन्ही आधार एकामागून एक ढासळले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी आला. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीपायी तो सुरुवातीला खपेना, पण पुढे घरोघर पोचला. त्यानंतर विहिरीवर इंजिन आले, मोट गेली, रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. दुरुस्त करायला लाकडी अवजारच उरले नाही, तेव्हा खळ्यावरचा वाटाही उरला नाही. मग घराची पाळी आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली, त्यांतली बहुतेक दगडमातीच्या घरांखाली. काही ठिकाणी भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. पण लोकांच्या मनाने धसका घेतला तो सगळ्याच माळवदाचा. आधीच सुरू झालेली सिमेंटच्या स्लॅबची ओढ त्यानंतर बळावली. सुताराकडे उरली ती दारे, खिडक्या आणि कपाटे. त्यांतही आज प्लायवूड, सनमायका आणि कारखान्यात तयार झालेले दार यांचे राज्य आहे.

यावर हळहळताना एक गोष्ट विसरता कामा नये. बलुते हा शब्द सर्वांनाच गोड लागत नाही. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ (१९७८) हे नाव दिले, त्यामागे पिढ्यानपिढ्यांचा अपमान होता. सुताराला तितकी अवहेलना सोसावी लागली नाही हे खरे. तरी जात हाच धंदा ठरवणारी व्यवस्था त्यालाही बांधून होतीच. वतनदार सुताराच्या संमतीवाचून दुसऱ्याला गावात काम मिळणे कठीण, आणि खुद्द वतनदाराला गाव सोडणे कठीण. आज दुसऱ्या जातीचा मुलगा रंधा हाती घेतो, परप्रांतातला कारागीर शहरात येऊन काम मिळवतो आणि सुताराचा मुलगा शिक्षक होतो. हा लाभ लहान नाही.

तरीही हिशेब पुरा होत नाही. हक्काचे अर्धे नाते तुटले आणि मुळातच अनिश्चित असलेले अर्धे नाते सुताराची सगळी उपजीविका होऊन बसले. शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. ती उपयोगाची आहे; पण कर्ज म्हणजे कामाची हमी नव्हे. खळ्यावरच्या पेंढ्यांनी एके काळी जी निश्चिती दिली, तिची जागा अजून रिकामीच आहे.

आपले, म्हणजे घर असलेल्या मध्यमवर्गाचे, वागणे मात्र दुटप्पी आहे. बिजागरी निखळली की सुताराने हाकेसरशी यावे, ही अपेक्षा बलुत्याची. पैसे देताना चार दुकानांत चौकशी करून घासाघीस करणे, ही रीत बाजाराची. जुन्या गावाने वर्षभराच्या हाकेची किंमत धान्याच्या रूपाने मोजली होती. आपण ती हाक फुकट मागतो. गावात सुतार मिळत नाही, ही तक्रार करण्यापूर्वी एवढे तरी करता येईल: लाकूड कोणते, माप किती, मजुरी किती, उचल किती आणि काम संपल्यावर उरलेले पैसे किती दिवसांत, हे आरंभीच कागदावर लिहावे आणि ते पाळावे. दिरंगाईचा दोष आपण एकट्या सुताराच्या माथी मारतो; काम पुरे झाल्यावर त्याने बिदागीसाठी घातलेल्या खेपा कोणी मोजत नाही. सरळ व्यवहाराचे सूत दोन्ही टोकांना धरावे लागते. एक टोक सैल सुटले, की रेघ वाकडी उमटणारच.