टाळी उशिरा पोहोचते : लॉकडाऊनमधला गाण्याचा क्लास

आज आधी एक प्रयोग करायचा आहे, मग गप्पा. मित्राला किंवा मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा आणि दोघांनी मिळून तीनतालाच्या सोळा मात्रा मोठ्याने मोजा. प्रत्येक मात्रेला टाळी. एकाच वेळी, बरं का! दुसऱ्या आवर्तनापर्यंत तुमची सम एकीकडे आणि त्याची दुसरीकडे गेलेली असेल. तुम्ही त्याच्यासाठी थांबाल, तो तुमच्यासाठी थांबेल, लय खाली खाली येत जाईल, आणि शेवटी दोघंही हसायला लागाल.

२०२० मध्ये लहान मुलांना गाणं शिकवणाऱ्या शिक्षकांना हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे. नेहमी ऐकू येणारं एक वाक्य आहे, ‘गाणं काय ऑनलाइन शिकायची गोष्ट आहे का?’ मला ते अर्धंच पटतं. लांबून गाणं शिकवण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. लांबून जमत नाही ती एकच गोष्ट, एकत्र गाणं. आणि पंचाईत अशी की लहान मुलं बरंचसं गाणं एकत्र गाऊनच शिकतात.

आधी थोडं मागे जाऊ.

विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. तालीम म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरू गातील ते कानांनी टिपायचं. वही नाही, वेळापत्रक नाही. याच माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिथे वर्ग, तास, पुस्तकं, परीक्षा असं सगळं आणलं. स्वर कागदावर लिहिण्यासाठी स्वतःची लिपी बनवली. ज्याला नीट दिसत नाही, त्याने गाणं डोळ्यांनी वाचायची सोय करावी, हे मला दर वेळी थोडं थांबून विचार करायला लावतं.

दुसरे विष्णु म्हणजे विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, वाळकेश्वर, व्यवसायाने वकील. ते देशभर फिरले, उस्तादांकडून चिजा गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांची लिपी पलुसकरांपेक्षा सुटसुटीत. खाली चंद्रकोरीसारखी खूण म्हणजे तेवढे स्वर एका मात्रेत, गुणिले म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक डेटा फॉरमॅट होता. लॉसी फॉरमॅट. मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव यातलं फारसं काही त्यात बसत नाही. पण जे बसतं, ते पोस्टाने कुठेही जातं. जळगावच्या मुलाला मुंबईतली चीज पुस्तकातून मिळू शकते.

म्हणजे ‘समोर गुरू हवाच’ या नियमाला पहिला फाटा इंटरनेटने दिलेला नाही. तो छापखान्याने दिला. फक्त छापील पुस्तक कधी म्हणत नाही की मी तुझ्यासोबत गातोय.

मग रेडिओ आला. अमेरिकेत १९२८ पासून १९४२ पर्यंत वॉल्टर डॅमरॉश हे संगीतकार एनबीसी रेडिओवरून शाळकरी मुलांना वाद्यवृंदाचं संगीत समजावून सांगायचे. आजच्या विषयाला जास्त जवळची गोष्ट ब्रिटनची आहे. सप्टेंबर १९३९, महायुद्ध सुरू झालं, शहरांतली मुलं खेड्यापाड्यांत हलवली गेली, शाळांची घडी विस्कटली. त्याच महिन्यात बीबीसीने ‘सिंगिंग टुगेदर’ नावाचा शालेय कार्यक्रम सुरू केला. गाण्यांची पुस्तिका हातात, रेडिओ समोर, आणि त्याच्याबरोबर वर्गाने गायचं. हा कार्यक्रम पुढे साठ वर्षं चालला.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. तो यशस्वी का झाला? कारण रेडिओला मुलांचा आवाज ऐकू येत नव्हता! सिग्नल एकाच दिशेने जात होता. वर्गातली सगळी मुलं एकाच स्पीकरमधून ऐकत होती, त्यामुळे त्यांची लय आपसात जुळत होती. उशीर असला तरी तो सगळ्यांना सारखाच. चूक दाखवायला वर्गातले मास्तर होतेच.

साथीच्या रोगामुळे शाळा घरी गेली, असंही आधी झालं होतं. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडायला उशीर झाला, आणि तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून धडे सुरू झाले. सामाजिक शास्त्र, विज्ञान, इंग्रजी, गणित हे मुख्य विषय. सोबत धड्यांच्या सूचना वर्तमानपत्रांत छापून येत. आठवडे थोडे होते, त्यामुळे निभावलं.

२०२० ला आठवडे थोडे नव्हते. मार्चच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा बंद व्हायला लागल्या. १ डिसेंबर २०२१ पासून पहिलीपासूनचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. वीस महिने! आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा खंड पडलाच. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं मूल वर्गाचं तोंड बघेपर्यंत दुसरीच्या मध्यावर आलं होतं.

गाण्याची अडचण तर इतर विषयांपेक्षा जास्तच होती. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. ६१ माणसं हजर होती. त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला, म्हणजे तपासणीतून पक्के झालेले आणि संशयित धरून, आणि दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्यात तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने याचा अहवाल छापला आणि जगभर एक गोष्ट डोक्यात बसली : बंद खोलीत गाणं धोक्याचं आहे. त्यामुळे पुढे शाळा उघडल्या तरी समूहगान रांगेत मागेच राहिलं.

बरं, मग कॉलवर नेमकं काय बिघडत होतं? इथे जरा रेंगाळू, कारण इथेच खरी गंमत आहे. आणि नुकसानही.

पहिली गोष्ट उशिराची. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटर अंतरावर बसलेल्या दोन वादकांमध्ये साधारण ३० मिलिसेकंदांचा उशीर असतो. एवढ्यापर्यंत माणसं सांभाळून घेतात, त्यापुढे लय ढासळायला लागते. घरच्या वायफायवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये एका बाजूचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद असणं अगदी सामान्य. समजा २०० आहे आणि लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. बाईंनी सम दिली, मुलीपर्यंत ती २०० नंतर पोहोचली, मुलीने बरोब्बर तिच्या समेवर टाळी दिली, ती परत यायला आणखी २००. बाईंना टाळी ४०० मिलिसेकंद उशिरा ऐकू आली, जवळजवळ पुढच्या मात्रेवर. मुलगी अचूक आहे. बाईंना मात्र ती बेताल वाटते. आणि क्लासमध्ये तीस मुलं असतील तर तीस वेगवेगळे उशीर. म्हणून ते प्रसिद्ध वाक्य आलं, ‘सगळ्यांनी म्यूट करा आणि माझ्याबरोबर म्हणा.’ तीस मुलं तीस घरांत एकेकटी गातायत आणि बाईंना एकही ऐकू येत नाही. रेडिओच झाला की हा! फक्त शेजारचा गाणारा मित्र गायब.

दुसरी गोष्ट जास्त खट्याळ आहे. कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत, गाण्यासाठी नाहीत. त्यांच्या लेखी माणसाचं बोलणं तुटक, चढउताराचं असतं, आणि एकसारखा सलग आवाज म्हणजे पंखा, एसी किंवा मिक्सर, म्हणजेच कचरा. तो काढून टाकायचा. आता सांगा, एकसारखा सलग आवाज आणखी कशाचा असतो? तानपुऱ्याचा. पेटीच्या धरलेल्या सुराचा. आणि लहान मुलाने लावलेल्या लांब ‘सा’चा.

माझी भाची तेव्हा सात वर्षांची होती आणि मी लॉकडाऊनमध्ये ताईकडेच अडकलो होतो. क्लासच्या वेळी ती ‘सा’ लावायची आणि बाई म्हणायच्या, “बाळा, श्वास तुटतोय, पुन्हा लाव.” मी शेजारीच बसलेलो असायचो. श्वास कुठेही तुटत नव्हता. तिचा सूर सॉफ्टवेअर गिळत होतं, आणि तिला वाटत होतं आपल्याला जमत नाही. मोठा माणूस म्हणेल, तुमचं नेट गेलंय मॅडम. सात वर्षांचं मूल बाईंवर विश्वास ठेवतं.

तिसरी गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. नेटवर्कवरून आवाजाचे तुकडे वेळेवर येत नाहीत, म्हणून पलीकडचं सॉफ्टवेअर आलेला आवाज थोडा ताणतं किंवा थोडा घाईने वाजवतं, सूर तोच ठेवून. वेबआरटीसी नावाच्या तंत्रात हे राजरोस चालतं आणि पुष्कळ ॲप्स त्यावर उभी आहेत. बोलण्यात आपल्याला कळतही नाही. पण लयीत? ‘अगं, पळू नकोस,’ असं बाईंनी म्हणावं आणि पळत होतं सॉफ्टवेअर, असं सहज घडू शकतं.

झूमने त्याच वर्षी संगीतासाठी वेगळा मोड दिला, ज्यात ही सगळी छाटछाट कमी करता येते. चांगलं झालं. पण सेटिंगमध्ये शिरून तो चालू करायचा, त्यासाठी हेडफोन आणि बरं नेट हवं. संगीतकारांसाठीची खास सॉफ्टवेअरही होती, स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेलं जॅकट्रिप, मुक्त-स्रोत जॅम्युलस. त्यांना वायरचं इंटरनेट आणि कॉम्प्युटर लागतो. आईच्या फोनवर शिकणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

आणि फोन तरी होता का? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. नंतर आकडे वाढले असणार, पण एका फोनवर दोन भावंडांची शाळा आणि वडिलांचं काम असेल तर गाण्याचा नंबर कितवा लागतो, ते तुम्हीच ठरवा. महाराष्ट्रात जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. म्हणजे फिरून १९३७ च्याच वाटेवर.

शिक्षक मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी शोधलेल्या युक्त्या मला एखाद्या चांगल्या सिस्टिम डिझाइनइतक्याच आवडतात.

एक, जुनी तालीमच वापरली. गुरूने एक ओळ म्हणायची, थांबायचं, शिष्याने तीच म्हणायची. या पद्धतीत उशीर आडवा येत नाही, कारण दोघं एकदम गातच नाहीत. भूप किंवा दुर्गा यांसारख्या रागांचे साधे अलंकार असे व्यवस्थित शिकवता येतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या शालेय संगीताचा मोठा भाग कॉयर आणि बँडवर चालतो, त्यांना हा आधार कमी होता.

दोन, ठेका विद्यार्थ्याच्या घरी. बाईंनी आपल्याकडे तबला लावला तर मुलगी मागेच पडणार. पण तबला-तानपुऱ्याचं ॲप मुलीच्या घरी दुसऱ्या फोनवर लावलं तर तिचा आवाज आणि ठेका एकत्रच निघतात, एकत्रच उशिरा पोहोचतात, आणि बाईंना जोडी बरोबर ऐकू येते. कॅशिंग म्हणा याला. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळुरूच्या जी. राज नारायण या इंजिनिअरने कितीतरी आधी करून ठेवला होता. ती पेटी फोनमध्ये आली नसती तर २०२० मध्ये काय झालं असतं, कुणास ठाऊक.

तीन, व्हॉइस नोट. मुलाने घरी गायचं, पाठवायचं, बाईंनी रात्री निवांत ऐकून उत्तर पाठवायचं. लाइव्ह असण्याचा हट्टच सोडला. माझ्या मते सगळ्यात शहाणा तोडगा हाच होता. नेट कमी लागतं, आणि मूल पाठवण्याआधी स्वतःचं गाणं चार वेळा ऐकतं, जे नेहमीच्या क्लासमध्ये होत नाही. शिक्षकांचा वेळ मात्र यात बेसुमार गेला. तीस मुलं, प्रत्येकाची दोन मिनिटं, म्हणजे नुसतं ऐकायलाच एक तास, आणि त्याचे पैसे वेगळे कोणी देत नाही.

या युक्त्यांनी जे वाचलं नाही तेही सांगतो. तबल्यावर ‘ना’ वाजवताना बोट किनारीवर नेमकं कसं पडावं हे बाई हात धरून दाखवतात. कॅमेऱ्यातून ते दिसत नाही. आणि कच्च्या सुराची मुलं. वर्गात अशी चार-पाच असतात. ती मोठ्याने गात नाहीत, पक्क्या मुलांच्या आवाजाच्या आडोशाने हळूच गातात, आणि वर्षभरात त्यांचा सूर आपोआप जागेवर येतो. कोणी वेगळं शिकवलेलं नसतं. स्क्रीनवर तो आडोसा नव्हता. गा, तर एकट्याने, सगळ्यांसमोर. नाहीतर म्यूट. यातल्या बऱ्याच मुलांनी म्यूट निवडलं असणार.

साथ ओसरली तरी लांबचे क्लास राहिले, विशेषतः परदेशातल्या मराठी घरांसाठी. पुण्याच्या बाई आणि कॅलिफोर्नियातली मुलगी, अंतर १३ हजार किलोमीटरहून जास्त. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार नाकासमोर सरळ टाकली तरी एका बाजूला किमान ६५ मिलिसेकंद लागणारच. फाइव्ह-जी आणा नाहीतर टेन-जी. त्या मुलीचा ठेका आजही तिच्याच घरी वाजतो.

तुमच्या घरात कोणी तेव्हा असा क्लास केला असेल, तर जुन्या फोनमधल्या त्या व्हॉइस नोट बघा एकदा. मुलांच्या आणि बाईंच्याही. स्टोरेज भरलंय म्हणून उडवू नका, कुठेतरी कॉपी करून ठेवा. पुढचा भाग तानपुऱ्याच्या त्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर. भेटू.