उपकरण बिघडले, की ड्रायव्हर रुसला?
चित्रफितीचे हार्डवेअर आणि शर्यतीच्या खेळातील हँडब्रेक : तपासणीचा योग्य क्रम

- प्रतिनिधी

मैंदर्गी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) : लग्नाची जुनी कॅसेट संगणकावर उतरवायला घ्यावी आणि पडदा काळाच राहावा, किंवा मोटार शर्यतीच्या खेळासाठी हौसेने आणलेला हँडब्रेक जोडावा आणि खेळातील गाडीने त्याची दखलही घेऊ नये. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, 'पीस खराब आहे, बदलून आणा' आणि दुसरा, 'फॉरमॅट मारा'. कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या मैंदर्गीसारख्या छोट्या शहरातून वस्तू बदलण्यासाठी सोलापूर गाठायचे, तर दिवस मोडतो. इंटरनेटवरून मागविलेली वस्तू असेल, तर परतीची मुदत टळण्याची धास्ती. फॉरमॅट मारला, की असलेली माहितीही जाते. प्रत्यक्षात अनेकदा वस्तू धडधाकट असते. तिच्यात आणि संगणकात दुभाष्याचे काम करणारा 'ड्रायव्हर' हा छोटा प्रोग्रॅम तेवढा चुकीचा, जुना किंवा गैरहजर असतो. ते ओळखण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. तपासणीचा क्रम मात्र पक्का हवा.

एक नाव, दोन वस्तू

या विषयातील पहिला घोटाळा नावाचाच आहे. 'हँडब्रेक' या नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. एरिक पेटी यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये आली. मोठी चित्रफीत लहान आकारात बांधणे, म्हणजेच 'एन्कोडिंग' करणे, हे त्याचे काम. हे काम वेगाने व्हावे म्हणून ते ग्राफिक्स कार्डातील खास यंत्रणेची मदत घेते. दुसरा हँडब्रेक हा खराखुरा दांडा. रॅलीच्या खेळात वळणावर गाडी घसरवत नेण्यासाठी तो टेबलाला बसवून यूएसबी तारेने जोडतात. महाजालावर 'हँडब्रेकचा ड्रायव्हर' शोधणाऱ्याला या दोन्हींची उत्तरे एकत्र मिळतात. दांड्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलून उपयोग नाही आणि सॉफ्टवेअरसाठी यूएसबीची तार बदलूनही नाही. म्हणून नावावर न जाता उपकरणाची संगणकातील ओळख आधी पाहावी.

डबी सारखी, आतला माल वेगळा

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडताच संगणकाला दोन क्रमांक सांगते : उत्पादकाचा 'व्हीआयडी' आणि वस्तूचा 'पीआयडी'. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडी' निवडला, की हे क्रमांक दिसतात. लॉजिटेकचा क्रमांक ०४६डी, थ्रस्टमास्टरचा ०४४एफ, तर आर्डुइनोचा २३४१. संगणकाच्या आत बसणाऱ्या कार्डांनाही असेच क्रमांक असतात. एनव्हिडियाचा १०डीई आणि एएमडीचा १००२. इंटेलने तर १९७८ मधील आपल्या गाजलेल्या चिपचे नावच, ८०८६, ओळख म्हणून घेतले आहे.

या क्रमांकांचे महत्त्व 'ईझीकॅप' या उपकरणावरून कळते. व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारी ही स्वस्त डबी बाजारात एकाच रूपात दिसते. आतली चिप मात्र किमान चार प्रकारची आढळते. व्हीआयडी ०५ई१ असेल तर ती सिनटेकची, १बी७१ असेल तर 'यूटीव्ही ००७', १सी८८ असेल तर सोमॅजिकची आणि ईबी१ए असेल तर एम्पियाची. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. डबीवरचे नाव वाचून ड्रायव्हर उतरवणारा ग्राहक चारांपैकी तीन वेळा फसण्याची शक्यता असते आणि दोष मात्र वस्तूला लागतो.

सांकेतिक क्रमांक काय सांगतात?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणापुढे पिवळे चिन्ह दिसले, तर प्रॉपर्टीजमध्ये एक 'कोड' लिहिलेला असतो. तो टिपून ठेवावा.

- कोड २८ : ड्रायव्हर बसविलेलाच नाही. योग्य ड्रायव्हर मिळाला, की काम होते.
- कोड १० : ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. बहुधा ड्रायव्हर चुकीचा किंवा न जुळणारा असतो.
- कोड २२ : उपकरण बंद करून ठेवलेले आहे. 'एनेबल' करावे.
- कोड ४३ : उपकरणानेच अडचण कळविली आहे. तार, पोर्ट आणि वीजपुरवठा आधी पाहावा.
- कोड ५२ : ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पटलेली नाही.

शेवटचा कोड जुन्या उपकरणांच्या बाबतीत वारंवार येतो. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर गाभ्यात शिरू दिले जात नाहीत. विंडोज ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा असतो. तोही कित्येक जुने ड्रायव्हर अडवतो. हा पहारा कायमचा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे तो मानू नये.

जोडल्यावर यादीत काहीच उमटत नसेल, तर ड्रायव्हरचा विचार नंतर करावा. आधी तार बदलावी. काही तारा केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून माहिती जात नाही. मग हब काढून उपकरण थेट संगणकाला जोडावे. शेवटी तेच उपकरण दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. तेथेही दिसले नाही, तरच 'पीस खराब' म्हणावे.

चित्रफितीचे हार्डवेअर

येथे दोन कामे वेगळी ओळखावीत. बाहेरचे चित्र संगणकात घेणे हे 'कॅप्चर', तर आत आलेले चित्र लहान करून बांधणे हे 'एन्कोडिंग'.

एचडीएमआय कॅप्चरची बरीच उपकरणे 'यूव्हीसी' या सर्वमान्य पद्धतीने चालतात. त्यांना स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. विंडोज त्यांना कॅमेरा समजते. म्हणूनच 'प्रायव्हसी'मध्ये कॅमेऱ्याची परवानगी बंद असेल, तर कॅप्चरही काळे दिसते. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचे चित्र काळे येत असेल, तर ते 'एचडीसीपी' या संरक्षणामुळे असू शकते. दोन्ही ठिकाणी ड्रायव्हर निर्दोष असतो.

पोर्टचेही गणित आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, सेकंदाला ६० चौकटींचे चित्र न दाबता पाठवायचे, तर प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरून सेकंदाला सुमारे १९९ कोटी बिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटी बिटची आहे. त्यामुळे यूएसबी ३ चे उपकरण जुन्या पोर्टला जोडले, की चित्र अडखळते किंवा येतच नाही. जुन्या व्हीसीआरच्या बाबतीत चित्र कृष्णधवल किंवा वर-खाली सरकताना दिसले, तर सॉफ्टवेअरमध्ये 'एनटीएससी' निवडलेले आहे का, ते पाहावे. भारतातील कॅसेट 'पाल' पद्धतीच्या असतात.

एन्कोडिंगसाठी इंटेलने २०११ मध्ये 'क्विक सिंक', तर एनव्हिडियाने २०१२ मध्ये 'एनव्हीएन्क' आणले. एएमडीचीही स्वतःची यंत्रणा आहे. हँडब्रेक किंवा ओबीएस या सॉफ्टवेअरच्या यादीत हे पर्याय दिसतच नसतील, तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ती यंत्रणा हार्डवेअरमध्ये आहे का? इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते. त्यामुळे क्विक सिंकही नसते. एनव्हिडियाच्या 'जीटी १०३०' या कार्डात एनव्हीएन्क नाही. दुसरी, ती बंद तर नाही ना? वेगळे कार्ड बसविल्यावर काही संगणकांत बायोसमधून अंतर्गत ग्राफिक्स बंद होते. तिसरी, ड्रायव्हर पुरेसा नवा आहे का? सॉफ्टवेअर अद्ययावत झाले आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर 'आवश्यक एनव्हीएन्क आवृत्ती नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. एनव्हिडियाने २०१२ च्या 'केप्लर' पिढीसाठीचे नियमित नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबविले. अशा कार्डासाठी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती ठेवणे किंवा प्रोसेसरवर चालणारा 'एक्स २६४' निवडणे, हे दोन मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गाने वेळ जास्त लागतो. पण त्याच आकारात चित्राची प्रत बहुधा सरस मिळते. घरगुती कामासाठी नवे कार्ड घेण्याची घाई त्यामुळे टळू शकते.

खेळातील हँडब्रेक

यूएसबी हँडब्रेक बहुतेक वेळा माऊस आणि कीबोर्डप्रमाणे 'एचआयडी' गटात मोडतो. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. निर्मात्याचे सॉफ्टवेअर लागते ते जुळवणीसाठी आणि फर्मवेअरसाठी.

तपासणीची गुरुकिल्ली म्हणजे विंडोजमधील 'गेम कंट्रोलर' ही खिडकी. 'रन'मध्ये 'जॉय डॉट सीपीएल' असे इंग्रजीत लिहिले, की ती उघडते. दांडा ओढल्यावर तेथील पट्टी हलली, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष खेळाच्या मांडणीत आहे. पट्टी हललीच नाही, तरच ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा आतील संवेदक यांकडे वळावे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

पट्टी हलते, पण खेळ ऐकत नाही, याची कारणे ठरलेली आहेत. काही खेळ केवळ 'एक्सइनपुट' ही एक्सबॉक्सची पद्धत ओळखतात. स्वतंत्र हँडब्रेक मात्र जुन्या 'डायरेक्टइनपुट' पद्धतीने बोलतो. काही खेळ एका वेळी एकच उपकरण घेतात. स्टीमवरील 'स्टीम इनपुट' मध्ये पडून गोंधळ करते. ते त्या खेळापुरते बंद करून पाहावे. पोर्ट बदलला, की काही खेळांना उपकरण नवे वाटते आणि आधीची मांडणी पुसली जाते. म्हणून पोर्ट ठरलेला असावा. हँडब्रेक स्टिअरिंगच्या बैठकीला जोडलेला असेल, तर तो वेगळे उपकरण म्हणून दिसणार नाही, बैठकीचाच एक अक्ष म्हणून दिसेल.

पट्टी थरथरत असेल, तर संवेदकाचा प्रकार पाहावा. पोटेन्शिओमीटर घर्षणाने झिजतो. चुंबकावर चालणाऱ्या हॉल संवेदकात तशी झीज नसते, तर 'लोड सेल' अंतराऐवजी जोर मोजतो. किरकोळ थरथर 'डेड झोन' वाढवून झाकता येते. खेळताना उपकरण मध्येच तुटत असेल, तर 'पॉवर ऑप्शन्स'मधील यूएसबीचे 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे. तसेच कॅप्चरचे उपकरण आणि हँडब्रेक एकाच हबवर ठेवू नयेत.

ड्रायव्हर आणावा कोठून?

खरा धोका येथे आहे. ड्रायव्हर गाभ्यात शिरतो. खोटा ड्रायव्हर म्हणजे चोराच्या हाती किल्ली. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या जाहिराती टाळाव्यात. अधिकृत संकेतस्थळही शंभर टक्के निर्धोक नसते. मे २०१७ मध्ये 'हँडब्रेक' सॉफ्टवेअरच्या डाउनलोडच्या एका सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि मॅकसाठीच्या १.०.७ आवृत्तीच्या जागी 'प्रोटॉन' हा हेरगिरी करणारा प्रोग्रॅम ठेवला गेला. २ ते ६ मे या काळात तेथून फाइल उतरविणाऱ्यांना त्याची बाधा होण्याचा संभव होता. अमेरिकेतील 'पॅनिक' या सॉफ्टवेअर कंपनीचा सोर्स कोड याच मार्गाने चोरीला गेला. संकेतस्थळावर दिलेली 'चेकसम' ही पडताळणी करण्याची सवय म्हणूनच उपयोगी.

बनावट चिपचा प्रश्न वेगळा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपचा पीआयडी शून्य करून टाकला. चालणारी उपकरणे एका रात्रीत निकामी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. अपडेटनंतर उपकरण अचानक बंद पडले, तर डिव्हाइस मॅनेजरमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय आधी वापरावा.

कॅसेट वाट पाहत नाहीत

खेळातील हँडब्रेक आठवडाभर थांबू शकतो. कॅसेट थांबत नाहीत. चुंबकीय फीत झिजते, तिला बुरशी लागते आणि ती वाचणारी यंत्रेही संपत आली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. ती अखेरची मोठी उत्पादक होती. मिनीडीव्ही कॅमेऱ्यांना लागणारा 'फायरवायर' जोड २०२५ मधील मॅक ओएस २६ मधून वगळला गेला. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

म्हणून ज्यांच्याकडे लग्नाच्या, यात्रेच्या किंवा दिवंगत आप्तांच्या कॅसेट आहेत, त्यांनी एखादा जुना, चालू संगणक भंगारात देऊ नये. इंटरनेटपासून तोडून तो केवळ कॅप्चरसाठी ठेवावा. लिनक्सच्या गाभ्यात सिनटेक, यूटीव्ही ००७ आणि एम्पिया या चिपचे ड्रायव्हर समाविष्ट आहेत. विंडोजवर न चालणारी डबी तेथे चालण्याची शक्यता असते.

थोडक्यात क्रम

१. तार, पोर्ट, हब तपासा.
२. हार्डवेअर आयडी आणि कोड लिहून घ्या.
३. दुसऱ्या संगणकावर वस्तू लावून पाहा.
४. उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून त्या आयडीचा ड्रायव्हर घ्या. आधीचा काढून, संगणक पुन्हा सुरू करून मगच नवा बसवा.
५. अपडेटनंतरचा बिघाड असेल, तर मागील ड्रायव्हरवर परत जा.
६. सॉफ्टवेअर किंवा खेळातील मांडणी तपासा.
७. एवढे करूनही यश आले नाही, तर आयडी आणि कोडची चिठ्ठी घेऊनच दुकान गाठा. फॉरमॅटची वेळ आलीच, तर माहितीची प्रत आधी काढून ठेवा.