गिऱ्हाइकाचा शेरा आणि हॉटेलवाल्याचा अंदाज

नवं हॉटेल काढणाऱ्याला पहिली काळजी असते जागेची. दुसरी लगेच येते : इथल्या लोकांना खायला काय आवडतं? पूर्वी असा माणूस शेजारच्या हॉटेलात दोन-चार दिवस चहा पीत बसायचा आणि कुठल्या टेबलावर कुठली ताटली जाते ते बघायचा. आता तो मोबाइल उघडतो आणि जेवून गेलेल्यांनी इंटरनेटवर लिहिलेले शेकडो अभिप्राय वाचतो. सगळं फुकट. पण ज्या धंद्यात घरातली पुंजी आणि वर बँकेचं कर्ज घालायचं, त्याचा निर्णय या शेऱ्यांवर सोडावा का? हे शेरे मुळात जमू कसे लागले, ते पाहिलं तर उत्तराचा थोडा माग लागतो.

पॅरिसमध्ये १८०३ साली ग्रिमो द ला रेनिएर नावाच्या खवय्यानं खाण्यापिण्यावरचं एक वार्षिक सुरू केलं. दुकानदार आपला माल त्याच्याकडे पाठवत, त्याचं चाखणाऱ्यांचं मंडळ निवाडा देई आणि तो वार्षिकात छापून येई. माल फुकट यायचा, तेव्हा पक्षपाताचा आरोप होणारच, आणि तो झालाही. १८१२ नंतर ते वार्षिक बंद पडलं. पुढे १९०० साली मिशेलिन या टायर कंपनीनं मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. तिथंही निवाडा करणारे पगारी तपासनीसच. जेवणाऱ्या साध्या माणसाला अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

ते काम अमेरिकेत एका फिरत्या विक्रेत्याकडून झालं. छपाईच्या धंद्यात गावोगाव हिंडणारा डंकन हाइन्स बरी जेवणाची ठिकाणं वहीत टिपून ठेवी. १९३५ च्या नाताळात त्यानं शुभेच्छापत्राऐवजी १६७ हॉटेलांची यादी मित्रांना पाठवली. मागणी इतकी आली, की पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. मग देशभरातून हौशी मंडळी त्याला कळवू लागली, अमक्या गावी अमकं हॉटेल चांगलं आहे म्हणून. हाइन्सचा कटाक्ष मुख्यतः स्वच्छतेवर असे. स्वयंपाकघर पाहायला तो मागच्या दारानं शिरे. प्रवाशाला परक्या गावात पोट बिघडू नये, एवढीच किमान अपेक्षा असते. म्हणजे त्या पुस्तकावरून गावातल्या लोकांची आवड कळणं कठीणच, कारण ती प्रवाशांची आवड होती. शेरा वाचताना तो लिहिणारा कोण, हे आधी विचारायचं, ते यासाठी.

खरी गंमत पुढची. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झगॅट या वकील जोडप्यानं मित्रमंडळींत एक पाहणी सुरू केली. जेवणाच्या एका बैठकीत कुणीतरी वर्तमानपत्रातल्या हॉटेल-समीक्षकाबद्दल कुरकुर केली, आणि एका समीक्षकापेक्षा आपणच सगळे मिळून गुण का देऊ नयेत, असा विचार पुढे आला. सुमारे २०० परिचितांना त्यांनी विचारलं. प्रत्येकानं ० ते ३ गुण द्यायचे, सरासरी काढून तिला दहानं गुणायचं, म्हणजे कमाल गुण ३०. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की गुण तीन वेगळे : पदार्थाला, सजावटीला, सेवेला. शिवाय जेवणाचा अंदाजे खर्च. पुस्तकाच्या शेवटी कुठल्या भागात कुठल्या पद्धतीचं जेवण मिळतं, याची सूची.

या पुस्तकांतून एक गोष्ट वारंवार दिसली. पदार्थांच्या गुणांत ल बर्नार्दँसारखी उंची फ्रेंच हॉटेलं आघाडीवर असत. पण ‘तुमचं आवडतं हॉटेल कोणतं?’ या प्रश्नाला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षानुवर्षं उत्तर येई ते युनियन स्क्वेअर कॅफे. डॅनी मेयर यांनी १९८५ साली काढलेल्या या हॉटेलचा लौकिक आपुलकीच्या वागणुकीबद्दल होता. एकच माणूस सर्वांत चांगला स्वयंपाक एकीकडे सांगत होता आणि जीव जडलेलं हॉटेल दुसरीकडे. आपल्याकडच्या खानावळीच्या मालकाला हे कुणी शिकवावं लागत नाही म्हणा!

पुढे २००४ साली येल्प निघालं, आपल्याकडे २००८ साली झोमॅटो, तेव्हा त्याचं नाव फूडीबे होतं. शेऱ्यांचा पूर आला. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी सिएटलच्या हॉटेलांची आकडेवारी तपासली, तेव्हा येल्पवरचा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं दिसलं, आणि तेही स्वतंत्र हॉटेलांचं, साखळीतल्यांचं नव्हे. एवढे पैसे गुंतले म्हटल्यावर लबाडी आलीच. बॉस्टनच्या हॉटेलांबद्दल येल्पकडे आलेल्या शेऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के येल्पनंच संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. लंडनमध्ये तर २०१७ साली एका पत्रकारानं घरामागच्या छपरीला हॉटेल म्हणून नोंदवलं आणि खोट्या शेऱ्यांच्या जोरावर ते ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरात पहिलं आणलं. तिथं स्वयंपाकच होत नव्हता.

खरे शेरेही आवडीबद्दल वाटतं तितकं सांगत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल्पवरचे सुमारे ९ लाख शेरे अभ्यासले. एका ताऱ्याचे शेरे पदार्थापेक्षा माणसांच्या वागण्याबद्दल निघाले. वाढप्यानं दुर्लक्ष केलं, मालक उर्मटपणे बोलला, ताटकळत ठेवलं. असा शेरा वाचून ‘इथं दाक्षिणात्य पदार्थ चालत नाहीत’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो फसेल. चालत नाही तो वाढपी. शिवाय रोज दुपारी तीच थाळी खाणारा कारकून शेरा लिहीत नाही. वाढदिवसाला आलेलं कुटुंब लिहितं. गल्ला मात्र कारकुनावर चालतो.

झगॅट कंपनी २०११ साली गुगलनं घेतली. २०१६ साली तीस गुणांची जुनी पद्धत मोडून पाच तारे आणले आणि २०१८ साली नावही दुसऱ्याला विकून टाकलं. तीस गुणांच्या जागी तारेच उरले. म्हणून नव्या हॉटेलवाल्यानं तारे सोडून मजकूर वाचावा, त्यातही दोन-तीन ताऱ्यांचा, जिथं लिहिणारा ना भारावलेला असतो ना भडकलेला. वहीत तीन रकाने आखून प्रत्येक वाक्य त्या-त्या रकान्यात टाकावं. आणि चौथा रकाना ठेवावा तो ‘हे इथं मिळत नाही, त्यासाठी लांब जावं लागतं’ अशा वाक्यांसाठी. हा रकाना बहुधा सर्वांत लहान भरतो.