एका आम्लाची तीन नावे

जोतिबाला वाहिला जाणारा दवणा आपल्या परिचयाचा आहे. त्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतील ‘आर्टेमिसिया ॲन्युआ’ या वनस्पतीवर लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, दीर्घकाळ संशोधन केले. ‘जीवनरक्षा’ व ‘सिम-आरोग्य’ यांसारखे वाण शेतकऱ्यांना दिले. या वनस्पतीच्या पानांतील आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध चीनमध्ये १९७२ साली शुद्ध रूपात मिळाले. त्या कार्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

त्याच पानात एक कार्बोक्सिलिक आम्लही असते. आर्टेमिसिनिक आम्ल, आर्टिॲन्युइक आम्ल आणि छिंगहाओ आम्ल ही तीनही नावे त्याचीच. पहिली दोन वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आली, तिसरे चिनी नावावरून.

पदार्थ जिथे सापडला त्यावरून नाव देण्याची ही रीत जुनी आहे. १६७१ साली जॉन रे यांनी मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या आम्लाची माहिती प्रसिद्ध केली. मुंगीच्या ‘फॉर्मिका’ या लॅटिन नावावरून पुढे ते फॉर्मिक आम्ल झाले. ‘ॲसिटम’ म्हणजे शिरका. त्यावरून ॲसिटिक आम्ल. ‘कॅप्रा’ म्हणजे शेळी. तिच्यावरून तर कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक अशी तीन नावे निघाली. त्यांतील कार्बन अणू अनुक्रमे ६, ८ व १०. पण नाव ऐकून हे कळावे कसे? १८९२ साली जिनिव्हा येथे जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी रचनेवर आधारलेल्या नामकरणाचा पाया घातला. त्या धर्तीवर ही आम्ले हेक्झॅनोइक, ऑक्टॅनोइक व डेकॅनोइक ठरली.

लखनौच्या शेतातील आम्लाचे रचनादर्शक नाव बरेच लांब आहे. मात्र त्याचा शेवट ‘प्रोप-२-ईनोइक आम्ल’ असा होतो. या शेवटातच एक उपयुक्त सूचना आहे. रेणूत कार्बोक्सिल गट आहे. म्हणून सौम्य अल्कलीशी त्याचा क्षार बनतो व तो पाण्यात उतरतो. आर्टेमिसिनिन उदासीन असल्याने सेंद्रिय द्रावकातच राहते. दोघांना वेगळे करण्याची वाट नावानेच दाखवली.

या आम्लात पेरॉक्साइड सेतू नाही, त्यामुळे आर्टेमिसिनिनची औषधी शक्तीही नाही. परंतु पुष्कळदा पानात तेच अधिक असते. आम्लाचे सूत्र C₁₅H₂₂O₂, औषधाचे C₁₅H₂₂O₅. अंतर तीन ऑक्सिजन अणूंचे. आम्लाचे आधी हायड्रोजनीकरण करून मग प्रकाश व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने त्याचे औषधात रूपांतर करता येते. २००६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी यीस्टकडून हेच आम्ल बनवून घेतले. २०१३ पर्यंत उत्पादन लिटरला २५ ग्रॅमवर पोहोचले.

लखनौत १९५१ साली छत्तर मंझिल या नवाबी प्रासादात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तिने व सीमॅपने मिळून आर्टेमिसिनिनपासून तीव्र हिवतापावरील अल्फा-बीटा आर्टिथर विकसित केले. शेत आणि प्रयोगशाळा एकाच नगरात असल्याचे हे फळ.

विद्यार्थ्यांनी जुनी नावे केवळ पाठांतराचा जाच मानू नयेत. जुने नाव पदार्थ कोठून आला ते सांगते. नवे नाव तो कसा वागेल ते सांगते. पानापासून औषधापर्यंत जाण्यास दोन्ही लागतात.