पोटावरची चरबी आणि मधुमेह यांचं नेमकं नातं काय?

टाइप २ मधुमेह निघाला की वजन जास्त असलेल्या रुग्णाला एक सल्ला हमखास मिळतो: वजन कमी करा. पण साखर वाढते रक्तात आणि चरबी साठते पोटावर. मग या दोघांचा संबंध काय? त्याचं बरंचसं उत्तर चरबीतून बाहेर पडणाऱ्या हार्मोन्समध्ये आहे.

चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही

चरबी म्हणजे जादा ऊर्जा साठवण्याची जागा, असंच पूर्वी मानलं जायचं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या हार्मोनचं जनुक शोधलं आणि हा समज बदलला. चरबीच्या पेशी मेंदू, यकृत आणि स्नायूंना सतत निरोप पाठवत असतात.

कोणता हार्मोन काय करतो?

• लेप्टिन: पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतो. लठ्ठपणात तो भरपूर असतो, पण मेंदू त्याला दाद देत नाही.
• अ‍ॅडिपोनेक्टिन: इन्सुलिनचं काम सोपं करतो. गंमत म्हणजे चरबी वाढते तसा हा कमी होतो.
• टीएनएफ-अल्फा: हा दाह वाढवणारा घटक. फुगलेल्या चरबीत तो वाढतो आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो.

साखर कशी वाढते?

इन्सुलिनचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचला नाही, की ते रक्तातली साखर पुरेशी उचलत नाहीत. यकृतही गरज नसताना साखर सोडत राहतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून काही वर्षं हे निभावून नेतं. ते थकलं की मधुमेह होतो. म्हणूनच प्रत्येक लठ्ठ माणसाला मधुमेह होत नाही.

बारीक दिसणाऱ्यांनाही धोका

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीयांमध्ये कमी वजनातही चरबी जास्त असू शकते आणि ती पोटात साठण्याकडे कल असतो. त्यामुळे वजनकाट्याबरोबर टेपही हवी. कंबर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली, की धोका वाढलेला समजतात.

उपाय काय?

चांगली बाब म्हणजे हे चक्र उलटं फिरवता येतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन ७ टक्के घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, हे त्यात उद्दिष्ट होतं. या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो.