चपरास

चांद्याकडच्या जुन्या छायाचित्रातला पट्टेवाला कोणत्या खात्याचा, हे चेहरा सांगत नाही, चपरास सांगते. चपरास म्हणजे कार्यालयाचे नाव कोरलेला पितळी बिल्ला. तो लावणारा चपराशी. हा शब्द फारसी ‘चप-ओ-रास्त’, म्हणजे डावे-उजवे, यावरून आल्याचे मानतात. कुणाला तो ‘चपराक’चा भाऊबंद वाटेल, पण बिल्ल्याचा पट्टा अंगाच्या दोन्ही बाजू जोडतो, आणि त्यातला ‘रास्त’ तर ‘रास्त भाव’मध्ये आपल्याकडे आजही नांदतो. आपल्या ‘पट्टेवाला’नेही माणसाला नाव दिले ते अंगावरच्या खुणेवरूनच. खूण रंगाचीही असू शकते: ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात पलटण ओळखायची ती कॉलरच्या आणि गुंड्यांच्या रंगावरून. कृष्णधवल छायाचित्रात तो रंगच हरवतो. बिल्ल्यावर कोरलेली अक्षरे मात्र भिंगाखाली उमटतात.

तरीही बिल्ल्यावर ‘चांदा’ वाचले म्हणून छायाचित्र १९६४च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर होण्याआधीचेच, असे ठरवू नये. पितळ लवकर झिजत नाही, आणि ‘चांदा फोर्ट’ स्थानकाने ते नाव अजून जपले आहे. बिल्ल्यावरच्या जिल्ह्यावरून गावही ठरवू नये: गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२चा. त्याआधी तिथल्या सिरोंचा-अहेरीचा वनरक्षकही चंद्रपूर जिल्ह्याचाच. घरातल्या छायाचित्रामागे नाव लिहिण्याआधी बिल्ला वाचा.